बोहाडा : मुखवट्यांची रात्र

आपल्या रोजच्या बोलण्यात ‘सोंग’ हा शब्द बहुधा दोष दाखविण्यासाठीच येतो. शाळा चुकविणारा मुलगा पोटदुखीचे सोंग करतो. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला करता येत नाही, असे आपण म्हणतो. आणि सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग काही आणता येत नाही, हे तर महिनाअखेरीस प्रत्येक संसारी माणसाला पटलेले असते. थोडक्यात, सोंग म्हणजे खोटेपणा, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

परंतु वाचकहो, याच महाराष्ट्रात असा एक मुलूख आहे, की जिथे ‘तुमच्या घराकडे सोंग कोणते?’ असे विचारले तर माणूस रागावत नाही; उलट छाती थोडी पुढे काढून सांगतो, ‘आमच्याकडे नरसिंह’, ‘आमच्याकडे त्राटिका’, ‘आमच्याकडे रावण’. हा मुलूख म्हणजे पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याचा आणि त्याला लागून असलेला नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबक, पेठ, सुरगाणा या बाजूचा डोंगराळ भाग. कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकूर अशा आदिवासी जमातींची ही वस्ती. होळी झाली, की येथे मुखवट्यांच्या नाचाचे दिवस सुरू होतात आणि वैशाखापर्यंत चालतात. या उत्सवाला मोखाड्याकडे बोहाडा म्हणतात. नाशिकच्या अंगाला भवाडा असेही म्हणतात. आज मला आपणांशी बोलायचे आहे ते या बोहाड्याविषयी.

मी राहतो छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे बोहाड्याच्या मुलखापासून बराच लांब. तेव्हा हा विषय मला कसा सुचला, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्याकडे इतिहास शिकविणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा तरी विद्यार्थ्यांना घेऊन वेरूळला जावे लागते. पोरे कैलास लेण्यापाशी रेंगाळतात. मी त्यांना ओढून पंधराव्या लेण्यात नेतो. हे दशावतार लेणे. राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा आठव्या शतकातील लेख याच लेण्याच्या अंगणातील मंडपावर आहे. वरच्या मजल्यावर गेले, की भिंतीत एक प्रचंड शिल्प दिसते : हिरण्यकशिपूवर झेप घालणारा नरसिंह. एका वर्षी एका विद्यार्थ्याने मला विचारले, “सर, हा नरसिंह हलत असता तर कसा दिसला असता?” मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढे काही वर्षांनी नाशिक, त्र्यंबकेश्वर ओलांडून मोखाड्याच्या बाजूला एका पाड्यावर बोहाडा पाहावयास गेलो, तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. मध्यरात्र उलटून गेल्यावर अंधारातून तो हलणारा नरसिंह माझ्या समोर चालत आला.

बोहाड्याला रंगमंच नसतो. गावातला रस्ता हीच रंगभूमी. एका टोकाला सोंगे सजविण्याची जागा, दुसऱ्या टोकाला देवीचे ठाणे किंवा मांडव, आणि मधल्या वाटेच्या दोन्ही अंगांना बायका, मुले, म्हातारी माणसे घोंगड्या-गोधड्या घेऊन बसलेली. पूर्वी टेंभ्यांच्या उजेडात हे सारे चाले, आता विजेचे दिवेही असतात. सोंग एकदम धावत येत नाही. चार पावले पुढे, दोन पावले मागे, मग एक गिरकी, असे नाचत नाचत ते वाट कापते. दोनशे पावलांच्या वाटेला त्याला चांगला वेळ लागतो. ते देवीपुढे जाऊन परतले, की दुसरे सोंग निघते. असे रात्रभर. लहान गावात सोंगे थोडी असतात, मोठ्या गावात उत्सव कित्येक रात्री चालतो. एकूण सोंगे बावन्न, असे लोक सांगतात.

पण सोंगांचा क्रम मात्र कोणीही मोडीत नाही. आरंभी गणपती आणि शारदा. त्यांच्या मागून रामायण-महाभारतातील आणि पुराणातील मंडळी : मारुती, रावण, कुंभकर्ण, त्राटिका, भीम, बकासुर, नरसिंह. या पुराणातल्या देव-दैत्यांच्या रांगेत खंडोबा, वेताळ, वीरभद्र हे आपल्या मातीतले देवही तितक्याच मानाने उभे असतात. आणि सर्वांच्या शेवटी, पहाटेच्या सुमारास, जगदंबा येते. तिचे आणि म्हसासुराचे युद्ध होते, म्हसासुर पडतो, आणि उत्सव संपतो. कैलास लेण्यात जी महिषासुरमर्दिनी आपण मान वर करून पाहतो, तीच ही. फरक इतकाच, की तेथे ती बाराशे वर्षे एका जागी उभी आहे आणि येथे ती दरवर्षी नव्याने लढते.

आता मुखवट्याकडे वळू. जुने मुखवटे लाकडाचे असतात. हलके, कोरायला मऊ असे लाकूड निवडून, आतून पोकळ करून ते घडवितात. पुढे कागदाच्या लगद्याचे मुखवटे आले. लगद्यात खळ मिसळून तो साच्यावर थापायचा, वाळवायचा, घासायचा आणि मग रंगवायचा. हे मुखवटे वजनाला हलके, म्हणून मोठे करता येतात. देवांचे रंग शांत, डोळे रुंद. दैत्यांचे रंग भडक, भुवया चढलेल्या, सुळे बाहेर आलेले. रावणाची दहा डोकी एका माणसाच्या खांद्यावर पेलायची म्हणजे गंमत नव्हे. त्यासाठी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा पाठीशी बांधावा लागतो. मुखवटा तोंडावर ठेवण्यापूर्वी डोक्याला कापड घट्ट गुंडाळतात, मग दोऱ्यांनी मुखवटा आवळतात. वेष बहुधा घरातलाच : लुगडे, धोतर, रंगीत झगा, कमरेला शेला, पायांत घुंगरू. हातात ज्याचे त्याचे आयुध. स्त्रियांची सोंगेही पुरुषच घेतात.

आणि वाद्ये? वाद्ये म्हटली तर दोनच मुख्य : संबळ आणि सनई, किंवा तिच्या जातीची पिपाणी. संबळ आपणां मराठवाड्यातील लोकांना परका नाही. गोंधळ्याच्या कमरेला बांधलेली ती तोंडाला कातडे मढविलेली जोडी आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. बोहाड्यात मात्र संबळाकडे आणखी एक काम असते. प्रत्येक सोंगाची चाल निराळी. गणपतीची चाल वेगळी, राक्षसाची वेगळी, देवीची वेगळी. त्यामुळे सोंग अजून अंधारात असते, दिसतही नाही, तोच संबळाचा ठेका बदलतो आणि वाटेकडेची म्हातारी मांडीवरच्या नातवाला हलवून जागे करते : “ऊठ, त्राटिका आली!” मुखवट्याच्या आधी त्याचा आवाज येतो. मुखवट्याला स्वतःचे तोंड हलविता येत नाही. त्याच्या वतीने संबळ बोलतो, असे म्हटले तरी चालेल.

हे पाहताना मला राहून राहून एका दूरच्या देशाची आठवण होत होती. तो देश म्हणजे जपान. तेथे ‘नोह’ नावाची मुखवट्यांची नाट्यपरंपरा आहे आणि ती सहाशे वर्षांहून अधिक काळ अखंड चालू आहे. कानामी आणि त्याचा मुलगा झेआमी या दोघा नटांनी चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि पंधराव्याच्या आरंभी तिला रूप दिले. तरुण शोगुन योशिमित्सू याने त्यांचा खेळ पाहिला, तो प्रसन्न झाला, आणि देवळांच्या जत्रांत नाचणारी ही मंडळी दरबारात पोहोचली.

नोहचा मुखवटा हिनोकी नावाच्या देवदारासारख्या झाडाच्या लाकडातून कोरतात. त्यावर शिंपल्यांची पूड आणि सरस यांचे लेपावर लेप देतात, घासतात, मग रंग भरतात. गंमत अशी, की हा मुखवटा नटाच्या चेहऱ्यापेक्षा लहान असतो. खाली नटाची खरी हनुवटी दिसत राहते. तरुण स्त्रीच्या मुखवट्यावर हसूही नसते आणि रडूही नसते. नटाने मान किंचित वर केली, की उजेड गालांवर पडतो आणि चेहरा उजळतो. किंचित खाली केली, की सावली पसरते आणि चेहरा मलूल होतो. जपानी लोक या दोन हालचालींना ‘उजळणे’ आणि ‘मळभ आणणे’ अशा अर्थाचे शब्द वापरतात. मत्सराने जळणाऱ्या स्त्रीचा ‘हान्न्या’ हा शिंगे असलेला मुखवटा तर प्रसिद्धच आहे. समोरून तो भयंकर दिसतो आणि मान खाली झुकली, की तोच रडवेला वाटतो. वेष भरजरी, कडक, अनेक पदरी. वाद्ये चार : एक बासरी, खांद्यावर धरून वाजवायचा लहान ढोल, मांडीवर ठेवायचा त्याहून मोठा ढोल, आणि काठ्यांनी वाजवायचा नगारा. यांतील मांडीवरच्या ढोलाचे कातडे प्रयोगापूर्वी निखाऱ्यांवर शेकून खणखणीत करतात. आपला हलगीवाला रस्त्याच्या कडेला चिपाडे पेटवून हलगी शेकतो, ते ज्याने पाहिले आहे त्याला याचे नवल वाटणार नाही.

नोहमध्ये ‘ओकिना’ नावाचा एक अतिप्राचीन विधी आहे. ओकिना म्हणजे वृद्ध. हा वृद्ध देवरूप असून तो भूमीला सुख-समृद्धीचा आशीर्वाद देतो. त्याचा मुखवटा पेटीतून समारंभाने आणतात आणि नट तो प्रेक्षकांच्या देखतच तोंडावर बांधतो. हे काम करणाऱ्या नटाने आधी काही दिवस वेगळ्या विस्तवावर शिजविलेले अन्न खायचे, असा जुना दंडक. वेगळा विस्तव म्हणजे वेगळी चूल, म्हणजे आपले सोवळेच की! आणि बोहाड्यातही सोंग घेणारा माणूस मुखवट्याची पूजा करतो, नारळ फोडतो, मगच तो तोंडाला लावतो. आपल्या सिंधुदुर्गातील दशावतारी मंडळी ज्या पेटाऱ्यात गणपतीचा मुखवटा ठेवतात, त्या पेटाऱ्याची पूजा झाल्याशिवाय खेळाला हात घालीत नाहीत. तीन ठिकाणी तीन निरनिराळ्या लोकांना एकच गोष्ट कळली आहे : दुसऱ्याचा चेहरा घ्यायचा तर आधी आपण थोडे बाजूला व्हावे लागते.

येथे कोणी विचारील, की मग मुखवट्यांची ही विद्या जपानने आपल्याकडून घेतली काय? असे सरळ विधान करणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणार नाही. परंतु एक सांगता येईल. नोहच्याही पूर्वी जपानात ‘गिगाकू’ नावाचे मुखवट्यांचे नाट्य होते. इसवी सन ६१२ मध्ये ते कोरियातील कुदारा राज्यातून मिमाशी नावाच्या माणसाने जपानात नेले, अशी नोंद तेथील जुन्या बखरीत आहे. पुढे ७५२ साली नारा येथे तोदाइजी मंदिरातील प्रचंड बुद्धमूर्तीचे डोळे उघडण्याचा सोहळा झाला. मूर्तीच्या डोळ्यांत रंग भरण्याचा मान कोणाला मिळाला? बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूला. त्या सोहळ्यात गिगाकूचे खेळ झाले. त्या काळचे दीडशेहून अधिक मुखवटे नारा येथील शोसोइन या राजभांडारात आजही जपून ठेवलेले आहेत. त्यांतील एका चोच असलेल्या मुखवट्याचे नाव आहे ‘कारुरा’, म्हणजे आपला गरुड. आणि दुसऱ्या एकाचे नाव ‘बारामोन’, म्हणजे ब्राह्मण. वेरूळची पहिली बौद्ध लेणी खोदली गेली त्या शतकांतच आपले गरुड आणि ब्राह्मण मुखवटे होऊन समुद्रापार नाचत होते, एवढे त्यावरून म्हणता येते.

आता आपल्या घरी परत येऊ. आपल्याकडे मुखवटा काही आदिवासी पाड्यांपुरताच नव्हता. भरताच्या नाट्यशास्त्रात मुखवट्यांना ‘प्रतिशीर्ष’ म्हटले आहे आणि कापडावर बेलाच्या गराचा लेप देऊन ते कसे तयार करावेत, याची कृती दिली आहे. बोहाड्यातला कारागीर नाट्यशास्त्र वाचायला गेला नव्हता. पण कापड अथवा कागद, चिकट लेप आणि वरून रंग, ही त्याची रीत त्याच जातीची आहे. आमच्या पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात भारुडे रचली, तीही सोंगांचीच : वासुदेव, जोशी, गोंधळी अशी गावोगाव फिरणारी माणसे नाथांनी सोंग म्हणून उभी केली आणि त्यांच्या तोंडून अध्यात्म बोलविले. नवरात्रासारख्या उत्सवाच्या शेवटी होणाऱ्या लळितातही अशीच सोंगे येत. सतराव्या शतकात रामदासांच्या दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख आहे. म्हणजे सोंग हा शब्द तेव्हा शिवी नव्हता. संतांनीच त्याला देवळात आणून बसविला होता.

पुढे १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ हा खेळ केला आणि मराठी रंगभूमीचा आरंभ आपण तेथून धरतो. त्या खेळांच्या आरंभी सूत्रधार आणि विदूषक येत, आणि मग गणपती व सरस्वती यांची सोंगे येत. आता मोखाड्याचा क्रम आठवा : आरंभी गणपती आणि शारदा! दशावतारातही आरंभी गणपतीच. म्हणजे सांगलीच्या राजवाड्यात जे झाले आणि मोखाड्याच्या पाड्यावर जे होते, त्या दोहोंचा उंबरठा एकच आहे. मात्र राजवाड्यातून पुढे निघालेली वाट निराळी झाली. १८८० च्या ऑक्टोबरात पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले. नांदी राहिली, सूत्रधार राहिला. पण लोक आता नटाचा चेहरा पाहायला आणि त्याचा गळा ऐकायला येऊ लागले. पुढे पोस्टरवर नटाचे नाव आले, छायाचित्र आले. ज्या रंगभूमीवर नटाचे नाव मोठे होते, तेथे मुखवटा टिकत नाही. हा कोणाचा दोष नव्हे. त्यातून आपणांस बालगंधर्व मिळाले. काही थोडे मिळाले असे नाही. पण जाताना काय गेले, ते नोंदवून ठेवले पाहिजे, आणि तेच मला बोहाड्यात सापडले.

काय सापडले ते सांगतो. त्या रात्री नरसिंहाचे सोंग परतल्यावर मी मुद्दाम सोंगे सजविण्याच्या जागेकडे गेलो. मुखवटा उतरविलेला होता. ज्याच्या तोंडावर तो होता, तो घामाने निथळत भुईवर बसला होता. वय पन्नाशीच्या पुढचे, अंगाने किरकोळ. एवढा उग्र नरसिंह या माणसातून आला, हे खरे वाटेना. मी शहरी माणसाच्या सवयीने विचारले, “बाबा, किती वर्षे करता हे काम?” तो म्हणाला, “मी कुठं करतो? बाप करायचा, त्याच्या आधी आजा. आता माझी पाळी.” मग मी केलेली चूक आपणांपाशी कबूल करतो. सकाळी निघताना मी त्याला विचारले, की हा मुखवटा विकत मिळेल का? आमच्या इतिहासाच्या वर्गात काचेच्या कपाटात ठेवू, मुलांना दाखवू. मी चांगली किंमतही बोललो. तो रागावला नाही. मुखवट्यावरून हात फिरवीत म्हणाला, “मास्तर, हा माझा नाही. गावाचा आहे. आमच्या घरी नुसता राहतो.”

सतरा-अठरा वर्षे मी इतिहास शिकवीत आलो आहे. वारसा, परंपरा, ठेवा हे शब्द मी फळ्यावर किती वेळा लिहिले असतील, त्याची गणती नाही. पण परंपरा म्हणजे काय, हे मला त्या एका वाक्याइतके स्वच्छ कोणी सांगितले नव्हते. मुखवटा त्याच्या घरी राहतो, आणि जोवर तो राहतो तोवर वर्षातून एक रात्र त्या घरातल्या कोणीतरी नरसिंह व्हायचे, हे ठरलेले. शेत असो नसो, कर्ज असो नसो. मुखवटा विकला, तर लाकूड जाईल माझ्या कपाटात. पण ती रात्रीची पाळी, तो मान, ते घराण्याचे कर्तव्य कोठे जाईल? काचेच्या मागे संबळ वाजत नाही. तो नरसिंह मग वेरूळच्या नरसिंहासारखाच होईल. आणि तोही कमी प्रतीचा, कारण वेरूळचा निदान आपल्या जागेवर तरी आहे.

नोहच्या इतिहासातही असा एक प्रसंग आला होता. १८६८ साली जपानात शोगुनांची सत्ता गेली आणि त्यांच्या आश्रयावर जगणारी नोहची घराणी उघड्यावर पडली. वेष आणि मुखवटे विकले जाऊ लागले. बऱ्याच नटांनी धंदे बदलले. अशा वेळी उमेवाका मिनोरू यासारखे मोजके नट हट्टाने प्रयोग करीत राहिले. १८७९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष ग्रँट तेथे आले असता त्यांना नोहचा प्रयोग दाखविला गेला. परकीय पाहुण्याला दाखवावे असे आपल्यापाशी काही आहे, हे तेथल्या मोठ्या लोकांना मग हळूहळू पटत गेले. पुन्हा आश्रय मिळाला. झेआमीने लिहिलेले आणि घराण्यात गुप्त राखलेले ग्रंथ १९०९ साली छापून निघाले. आणि २००१ साली युनेस्कोने नोहला मानवजातीच्या वारशात गणले. नोह वाचले ते कशाने? मुखवटे जपल्याने, हे खरे; पण त्याहून अधिक, मुखवटे घालणारी माणसे टिकल्याने.

बोहाड्याला राजाश्रयाची चिंता नाही, कारण त्याचा आश्रयदाता गावच आहे. जव्हार संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, राजे गेले, पण बोहाडा थांबला नाही. त्याची चिंता निराळी आहे. या डोंगराळ भागात खरिपानंतर हाताला काम नाही. दिवाळी झाली, की घरेच्या घरे भिवंडी, वसई या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर निघून जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. होळीला माणूस कसाही करून घरी येतो. पण पुढचे आठवडे तो थांबेलच असे नाही. बोहाडा नेमका याच काळात येतो. भट्टीवरून मजुरी बुडवून चार दिवस गावी यायचे आणि नरसिंहाचा मुखवटा तोंडाला लावायचा, हा त्या माणसाचा त्याग आपल्या कोणत्याही सत्कार-समारंभापेक्षा मोठा आहे. बाप आला, पण मुलगा भट्टीवरच राहिला, तर पाळी कोणाकडे जाईल? मुखवटा घरी राहील, पण घरी कोणी राहणार नाही. म्हणून मला वाटते, की बोहाडा जपायचा असेल तर पहिला विचार मुखवट्यांच्या संग्रहाचा नको. त्या पाड्यांवर उन्हाळ्यात काम कसे मिळेल, त्याचा हवा. रोजगाराची आणि पाण्याची बांधबंदिस्ती ही गोष्ट संस्कृतीच्या खात्यात धरायला आपण अजून शिकलो नाही.

दुसरीही एक गोष्ट आपल्या हातची आहे. मुखवटे आता शोभेची वस्तू म्हणून शहरांत विकले जातात. कारागिराने खास विक्रीसाठी मुखवटा केला आणि तो आपण घेतला, तर त्यात वावगे काही नाही. त्याच्या हाताला तेवढेच काम मिळते. परंतु नाचलेला मुखवटा, पूजा झालेला मुखवटा, कोणाच्या अडचणीचा फायदा घेऊन कोणी मागू नये. मी मागितला होता, म्हणून सांगतो.

असो. त्या विद्यार्थ्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मी पुढच्या सहलीत इतर मुलांना दिले. दशावतार लेण्यात त्या शिल्पापुढे सर्वांना खाली बसविले आणि सांगितले, की हा नरसिंह हलतो कसा, ते पाहावयाचे असेल तर होळीनंतर नाशिककडे जाणारी गाडी पकडा, त्र्यंबक ओलांडा, मोखाड्याला उतरा आणि बोहाडा कोणत्या पाड्यावर आहे ते विचारा. सोबत एक घोंगडी ठेवा, कारण जगदंबा पहाटेपर्यंत येत नाही. वाटेच्या कडेला जागा मिळेल. संबळाचा ठेका बदलला, की शेजारची म्हातारी तुम्हांलाही हलवून जागे करील. आणि सकाळी परतताना तेथून काही विकत आणू नका. त्या रात्री कोणाची पाळी होती, एवढे मात्र विचारून या.

आपणांसही, वाचकहो, माझे हेच सांगणे आहे.